ओवींतून तारणाचें वचन : पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत एखाद्या सत्पुरुषाचें चरित्र असावें, अशी संपादक मंडळींची इच्छा होती. संतांचीं चरित्रें आपण दरवर्षीं त्यांच्या सणाच्या दिवशीं ऐकतोंच. म्हणून ज्यांना ख्रिस्तसभेनें अद्याप वेदीवर बसविलेलें नाहीं, ज्यांची तसबीर कोणाच्या घरांत टांगलेली नाहीं, परंतु परमेश्वराची प्रीति व त्यानें दिलेलें तारणाचें वचन यांची कथा ज्यांनीं आपल्या मराठी भाषेंत आरंभापासून शेवटपर्यंत गाऊन सांगितली, त्या येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचें चरित्र सांगण्याचें मीं योजिलें आहे. नांव सर्वांच्या कानांवर असतें. त्यांनीं केलेली मराठी भाषेची स्तुति शाळेच्या पुस्तकांतून पुष्कळांनीं पाठ केलेली असते. पण ज्या ग्रंथांत ती स्तुति आली, तो ग्रंथ कशासाठीं लिहिला गेला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. आणि मला तर ती स्तुति ग्रंथाच्या दारावरील तोरणासारखी वाटते. घर आंत आहे.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन नांवाच्या खेड्यांत झाला. वडील व्यापारी होते. त्या काळीं इंग्लंडांत राज्यकर्त्यांचा धर्म बदलेल तशी प्रजेनेंही आपली उपासना बदलावी असा दंडक होता. थॉमस दहा वर्षांचे होतात न होतात तोंच राणी एलिझाबेथच्या अमलांत मिस्सा कायद्यानें बंद झाली. कॅथलिक राहणें म्हणजे प्रथम दंड, मग तुरुंग आणि पुढें पुढें फांसाचा दोर, अशी स्थिति झाली. तरुणपणीं त्यांची थॉमस पाउंड या श्रीमंत गृहस्थाशीं मैत्री जडली. हा पाउंड राणीच्या दरबारांतला, नाचरंगांत मोठा वाकबगार. एकदां भर दरबारांत नाचतांना तो पडला, राणीनें सर्वांदेखत त्याची अवहेलना केली, आणि तेव्हांपासून दरबाराकडे पाठ फिरवून तो परमेश्वराकडे वळला. रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा असा दोघांनीं निश्चय केला. लोकांना संशय येऊं नये म्हणून स्टीफन्स कांहीं काळ पाउंडचे नोकर या वेषानें त्याच्याबरोबर हिंडत होते. पण देशाबाहेर पडण्यापूर्वींच पाउंड पकडला गेला आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षें तो एका तुरुंगांतून दुसऱ्या तुरुंगांत खितपत पडला. स्टीफन्स एकटेच रोमला पोंचले आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं संघाच्या नवशिक्यांत दाखल झाले. मित्राला ते विसरले नाहींत. त्यांनीं वरिष्ठांकडे खटपट करून १५७८ सालीं पाउंडला, तो तुरुंगांत असतांच, संघाचा सदस्य करून घेतलें.

त्यांच्या बरोबरीचे कांहीं इंग्रज तरुण पुढें गुप्त वेषानें मायदेशीं परतले. त्यांच्याच संघाचे एडमंड कॅम्पियन यांना १५८१ च्या डिसेंबरांत लंडन येथें फांसावर चढविण्यांत आलें. स्टीफन्स यांनीं मात्र हिंदुस्थान मागून घेतलें. ४ एप्रिल १५७९ रोजीं पांच जहाजांचा तांडा लिस्बनहून निघाला, त्यांत ते होते. आफ्रिकेला वळसा घालून यावयाचा तो प्रवास साडेसहा महिन्यांचा झाला. वारा पडे, पाणी नासे, हिरड्या सुजून माणसें अंथरुणाला खिळत. जहाजावर दीडशेंहून अधिक लोक आजारी पडले व त्यांतील सत्तावीस दगावले. आणि एवढा आंकडा खलाशांना कमीच वाटला! २४ ऑक्टोबर रोजीं जहाज गोव्याच्या बंदरास लागलें. उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनीं वडिलांना एक लांबलचक पत्र धाडलें. त्यांत वारे, पक्षी, मासे, ताऱ्यांवरून वाट काढण्याची रीत असें सर्व आहे. एका मुलानें बापाला लिहिलेलें तें पत्र १५८९ सालीं लंडनला छापून निघालें आणि इंग्रज व्यापाऱ्यांनीं तें निराळ्याच हेतूनें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन वस्ती केलेला पहिला ज्ञात इंग्रज, असें इतिहासकार स्टीफन्स यांना म्हणतात. पण व्यापार किंवा राज्य यांपैकीं कशाशींही त्यांचा संबंध नव्हता, हें आपण ध्यानांत ठेवावें.

गोव्यांत गुरुदीक्षा मिळाल्यावर त्यांची नेमणूक साष्टींत झाली. ही साष्टी गोमंतकांतील, मडगांव-राचोलकडची, मुंबईजवळची नव्हे. पुढचें जवळजवळ सारें आयुष्य, म्हणजे चाळीस वर्षें, त्यांनीं याच मुलखांत घालविलें. मधून मधून ते तेथील विद्यालयाचे मुख्यही झाले, पण त्यांचा बहुतेक काळ गांवांतल्या देवळांत आणि नव्या ख्रिस्ती लोकांच्या अंगणांत गेला. घरांघरांतून बोलली जाते ती कोंकणी त्यांनीं आत्मसात केली. ज्या भाषेंत तेथील लोक कथा-पुराणें ऐकत, ती ग्रंथांतली मराठीही त्यांनीं शिकून घेतली. तिशीच्या घरांत आलेल्या माणसाला परकी भाषा शिकणें किती जड जातें, हें आम्ही सेमिनरींत लॅटिनचे प्रत्यय घोकलेले लोक चांगलें जाणतों. आम्ही प्रार्थना म्हणण्यापुरते शिकलों. ते कवि झाले.

आतां त्या मुलखाची स्थिति स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर त्यांच्या कार्याचें मोल कळणार नाहीं. तेथें राज्य पोर्तुगिजांचें होतें. १५६७ सालीं सरकारच्या हुकुमानें साष्टींतील शेंकडों देवळें पाडण्यांत आलीं. जुन्या धर्माचे ग्रंथ व उत्सव यांवर बंदी आली. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत खऱ्या श्रद्धेनें आलेले होते, तसेच जमीन राहावी म्हणून आलेले होते आणि भीतीनें आलेलेही होते. परमेश्वर तुमच्यावर प्रीति करतो, हें वाक्य त्या लोकांच्या कानांवर ज्या माणसाच्या तोंडून पडे, त्याच्या पाठीमागें कप्तानाची पलटण दिसे. अशा वेळीं तें वाक्य कोणाला खरें कसें वाटावें?

१५८३ च्या जुलै महिन्यांत या प्रश्नाला रक्तानें उत्तर मिळालें. कुंकळ्ळी गांवांत देवळासाठीं जागा पाहण्यास गेलेल्या येशूसंघाच्या पांच जणांना गांवकऱ्यांनीं ठार मारलें. फादर रुदोल्फ आक्वाविवा हे त्यांतले प्रमुख. हेच पूर्वीं अकबर बादशहाच्या दरबारीं राहून आले होते. त्यांच्याबरोबर कित्येक ख्रिस्ती लोकही मारले गेले. मृतदेह विहिरींत टाकून देण्यांत आले होते. ते परत मिळवून राचोल येथें त्यांचें दफन करण्याच्या कामीं स्टीफन्स पुढें झाले. ज्यांच्याबरोबर काल जेवलों-बोललों, त्यांचीं छिन्नभिन्न शरीरें आज ओळखावीं लागणें हा प्रसंग केवढा! त्या पांच जणांना पोप तेरावे लिओ यांनीं १८९३ सालीं धन्य म्हणून घोषित केलें. पण गोष्टीची दुसरी बाजूही आपण झांकून ठेवूं नये. त्या हत्येचा सूड म्हणून सरकारी अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या गांवकर प्रमुखांना बोलणीं करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलावलें व तेथें त्यांना मारून टाकलें. वधस्तंभावरून मारेकऱ्यांसाठीं क्षमा मागणाऱ्या प्रभूच्या नांवानें चालणाऱ्या राज्यांत हें घडलें.

स्टीफन्स यांचें वय तेव्हां चौतीस होतें. भीति वाटून किंवा मन विटून त्यांनीं दुसरीकडे बदली मागितली असती तर कोणी नांवें ठेवलीं नसतीं. ते तेथेंच राहिले. त्याच वर्षीं पकडून गोव्यास आणलेल्या राल्फ फिच वगैरे कांहीं इंग्रज व्यापाऱ्यांना जामिनावर सोडविण्यास त्यांनीं साहाय्य केलें. ज्या देशानें आपल्या मित्राला कोंडून ठेवलें, त्याच देशाचे हे लोक. तरी त्यांनीं हात आंखडला नाहीं. ऑक्टोबरांत त्यांनीं आपल्या भावाला पत्र लिहिलें. त्यांत येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशीं मिळतीजुळती आहे, असें निरीक्षण नोंदविलेलें आहे. युरोपांतल्या पंडितांना ही गोष्ट सर विल्यम जोन्स यांच्या १७८६ च्या व्याख्यानानंतर पटूं लागली. म्हणजे दोनशें वर्षांनीं! मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षां दुसऱ्याच गोष्टीचें नवल वाटतें. आपल्या माणसांचीं प्रेतें पुरून तीन महिने झाले आहेत, आणि हा पुरुष त्या लोकांच्या भाषेविषयीं रागाचा एक शब्द न काढतां कौतुकानें लिहितो आहे.

क्रिस्तपुराण लिहिण्याचें कारण त्यांनीं स्वतःच ग्रंथाच्या आरंभीं कथारूपानें सांगितलें आहे. रविवारचें धर्मशिक्षण चाललें असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विनंती करतो कीं, पूर्वींचीं पुराणें तुम्हीं सोडावयास लावलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें एखादें पुराण आम्हांस द्या. केवढी साधी मागणी! संध्याकाळीं दिवा लागल्यावर घरांत जें गाइलें जाई, वाचलें जाई, तें बंद झालें आणि त्या जागीं कांहींच आलें नाहीं. प्रश्नोत्तरें पाठ करून माणूस परीक्षेला उतरतो, पण रिकाम्या संध्याकाळीं तीं कोण गुणगुणतो? त्या रिकाम्या जागेकडे हुकूम काढणाऱ्यांनीं लक्ष दिलें नव्हतें. स्टीफन्स यांनीं दिलें, आणि ती भरून काढण्यासाठीं त्यांनीं लोकांचीच ओवी घेतली. तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आंखूड, अशी ती आपल्या ओळखीची ओवी. ज्ञानेश्वरांची तीच, पैठणच्या एकनाथांची तीच. एकनाथ महाराज तर स्टीफन्स यांच्या हयातींतच, १५९९ सालीं, निवर्तले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत ३६ व दुसऱ्यांत ५९ असे अध्याय असून त्यांना कवीनें अवस्वर म्हटलें आहे. ओव्या एकंदर १०,९६२. पहिलें पुराण जुन्या कराराचें. सृष्टीच्या उत्पत्तीपासून, आदिमातापित्यांच्या पतनापासून तें सुरू होतें आणि तारणाऱ्याची वाट पाहतां पाहतां संपतें. दुसरें पुराण त्या तारणाऱ्याचें: त्याचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण व पुनरुत्थान.

या मांडणीवर मला थोडें थांबावेंसें वाटतें. ख्रिस्ताची कथा सांगावयाची तर बेथलेहेमच्या गोठ्यापासून आरंभ करणें सोपें होतें. लोकांना बाळाची गोष्ट आवडते. परंतु त्यांनीं ऐकणाऱ्यांना आधीं चार हजारांहून अधिक ओव्या वाट पाहावयास लावली. कां? आपल्या धर्माचा गाभाच त्यांत आहे. उत्पत्तीच्या पुस्तकांत पहा. आदाम व एवा यांनीं आज्ञा मोडली, तीं झाडांआड लपलीं, परमेश्वर त्यांना शोधीत आला आणि त्यानें शिक्षा सांगितली. पण त्याच वेळीं, त्यांना बागेबाहेर घालविण्यापूर्वीं, स्त्रीच्या संतानाकडून सापाचें डोकें ठेंचलें जाईल हें वचनही त्यानें दिलें. मनुष्यानें क्षमा मागितल्याचें तेथें कोठेंही लिहिलेलें नाहीं. एक दुसऱ्यावर दोष ढकलीत होता, एवढेंच लिहिलें आहे. मागितल्यावांचून दिलेलें तें वचन परमेश्वरानें नोहापाशीं, आब्राहामापाशीं, दाविदापाशीं पुन्हां पुन्हां जागवलें. लोक विसरले, तो विसरला नाहीं. साष्टींतल्या ज्या शेतकऱ्याला देवाची प्रीति सरकारी हुकुमाच्या जोडीनें कळली होती, त्याला हें ऐकूं येणें आवश्यक होतें कीं, ही प्रीति पोर्तुगिजांच्या जहाजांतून आलेली नाहीं. ती पहिल्या मनुष्याच्या पहिल्या अपराधाइतकी जुनी आहे, आणि साष्टींतला शेतकरी त्याच पहिल्या मनुष्याचा वंशज आहे. तारणाचें वचन दिलें गेलें तेव्हां पोर्तुगालही नव्हतें, इंग्लंडही नव्हतें.

शब्दांच्या बाबतींतही त्यांनीं असेंच धैर्य दाखविलें. स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात, तारणाऱ्याला मुक्तिदाता म्हणतात. आरंभींचें नमन गणेश-शारदेऐवजीं त्रैक्य परमेश्वराला व पवित्र मरियेला आहे, पण नमनाची रीत आपल्याच जुन्या कवींची आहे. असे शब्द वापरल्यानें गोंधळ होईल अशी भीति त्या काळच्या कित्येक पाद्र्यांना वाटे, आणि ती अगदींच निराधार होती असें मी म्हणणार नाहीं. पण मुक्तीसाठीं तळमळणाऱ्या माणसाला मुक्ति हाच शब्द ठाऊक असेल, तर त्याला दुसऱ्या कोणत्या शब्दानें हांक मारावयाची? शिवाय त्यांनीं आणखी एक काळजी घेतली. शुद्ध ग्रांथिक मराठी साष्टींतल्या सामान्य माणसांना अवघड जाई. म्हणून जुन्या कवींचे कठीण शब्द टाळून त्यांनीं कोंकणींतले सोपे शब्द मिसळले आणि तसें प्रस्तावनेंत सांगूनही टाकलें. पंडितांची वाहवा मिळविणें हा हेतु असता तर हें त्यांनीं केलें नसतें.

हा ग्रंथ देवनागरींत छापला जावा ही त्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ च्या डिसेंबरांत संघाच्या मुख्यांना रोम येथें लिहिलेल्या पत्रांत ती त्यांनीं कळकळीनें मांडली. युरोपांत चोवीस ठसे केले कीं काम भागतें, आपल्या जोडाक्षरांना मात्र सहाशें लागतील म्हणून लोक कचरतात. पण युक्तीनें ते दोनशेंवर आणतां येतील, असा हिशेबही त्यांनीं दिला होता. तें झालें नाहीं. १६१६ सालीं राचोल येथें ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपींत. मराठी ओव्या परक्या अक्षरांत! त्यांना काय वाटलें असेल, याची कल्पना आपण करावी. तीन वर्षांनीं, १६१९ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचें देहावसान झालें. देहूचे तुकाराम महाराज तेव्हां अवघे दहा-अकरा वर्षांचे होते. स्टीफन्स यांची कोंकणी प्रश्नोत्तरी १६२२ सालीं आणि कोंकणीचें व्याकरण १६४० सालीं छापून निघालें. दोन्ही त्यांना पाहावयास मिळालीं नाहींत.

पुढची हकीकत ग्रंथाची आहे, पण ती सांगितल्यावांचून चरित्र पुरें होत नाहीं. १६४९ व १६५४ सालीं पुन्हां आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर वारें फिरलें. १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें फर्मान काढलें कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. जी भाषा शिकण्यांत एका परकी माणसानें हाडें झिजवलीं, तिच्याच लेकरांना ती विसरण्याचा हुकूम झाला! छापील पुराण दुर्मिळ झालें. पहिल्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आजवर अभ्यासकांच्या हातीं लागलेली नाहीं. पण गोमंतक सोडून कानडा प्रांतांत, मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें नकला करून तें जपलें. उपवासकाळांत तें गाइलें जाई. १७८४ सालीं टिपू सुलतानानें या ख्रिस्ती लोकांना हजारोंच्या संख्येनें धरून श्रीरंगपट्टणास नेलें, तेव्हां धर्मगुरू नाहीं, देऊळ नाहीं, मिस्सा नाहीं अशा स्थितींत क्रिस्तपुराणाच्या ओव्यांनीं त्यांना धीर दिला, असें त्यांच्यांतली परंपरा सांगते. १७९९ पर्यंत तो बंदिवास टिकला. पंधरा वर्षें म्हणजे एका पिढीचें बाळपण. ज्या मुलांना धर्मशिक्षक मिळाला नाहीं, त्यांना आईच्या तोंडची ओवी मिळाली.

त्याच हस्तलिखितांवरून १९०७ सालीं जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूरला ग्रंथ पुन्हां छापला, तोही रोमन लिपींतच. पुढें लंडन येथील एका संग्रहांत जस्टिन ॲबट यांना देवनागरी हस्तलिखित आढळलें. शेवटीं १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्याहून देवनागरी आवृत्ति काढली. सहाशें ठशांच्या अडचणीमुळें जें राहून गेलें होतें, तें कवीच्या मृत्यूनंतर ३३७ वर्षांनीं झालें. यांत मला परमेश्वराची गोड थट्टा दिसते. अलीकडे फादर नेल्सन फलकांव यांनीं आजच्या मराठींतील अर्थासह २००९ सालीं पुराण प्रसिद्ध केलें आहे, त्यामुळें जुन्या शब्दांना अडून बसण्याचें कारण उरलेलें नाहीं.

महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या ग्रंथसंग्रहासाठीं त्याची एक प्रत घेतली आहे. येत्या उपवासकाळांत दर शुक्रवारीं क्रुसाच्या वाटेनंतर देवळांतच त्यांतील दुःखसहनाच्या ओव्या वाचण्याचा विचार आहे. वाचन अर्ध्या तासाहून अधिक होणार नाहीं. घरांतील वडीलधाऱ्या बायांपैकीं ज्यांना जात्यावरच्या ओवीची चाल अजून येत असेल, त्यांनीं मिस्सेनंतर मला भेटावें; नुसतें वाचण्यापेक्षां गाणें बरें.